पाय नागपूरला पोहोचण्याआधी

चालताना पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की सुटते, पुन्हा चाललं की पुन्हा भरते. आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या एखाद्या गावात चाळिशीच्या आतला माणूस हे सांगू लागतो तेव्हा घरातलं कुणी त्याला वात म्हणतं, कुणी सायटिका, कुणी नस दबली म्हणतं. तेल चोळलं जातं, शेक दिला जातो. काही महिन्यांनी पायाच्या बोटाला बारीकशी जखम होते आणि ती भरत नाही. रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. एक दिवस बोट काळं पडतं. मग गोंदिया, आणि गोंदियाहून नागपूर. तिथे मोठे डॉक्टर तपासतात, फोटो काढतात आणि जे सांगतात ते बहुतेक वेळा त्या माणसाने गाव सोडण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया म्हणजे महानगरातलं, महागड्या यंत्रांचं, अतिविशेषज्ञांचं काम, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळे पाय जातात. पाय राहणार की जाणार याचा निकाल जिल्ह्यात लागतो, जिल्ह्यातल्या सवयींवर आणि जिल्ह्यातल्या शल्यचिकित्सकाच्या हातावर लागतो. नागपूर किंवा मुंबई त्या निकालाची अंमलबजावणी करते. म्हणून गोंदियासारख्या जिल्ह्याने ‘आमच्याकडे अमुक तज्ज्ञ द्या’ एवढीच मागणी करून थांबू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आधी या शस्त्रक्रियेत होतं काय ते पाहू. फाटलेली किंवा बुजलेली धमनी पुन्हा वाहती करण्याची मूळ कारागिरी शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती शिवण्याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाने पुढे एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुईदोऱ्याचं काम शिकून घेतलं. १९०२ मध्ये त्याने रीत मांडली: रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ताणायचं, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवता येते. १९१२ चं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. आजही धमनी शिवणारा प्रत्येक हात थोड्याफार फरकाने तेच करतो.

पुढचं मोठं पाऊल १९४८ चं. पॅरिसमध्ये झाँ कुनलाँ यांनी रुग्णाच्या मांडीतली वरच्या थरातली लांब शीर काढून घेतली आणि बंद पडलेल्या धमनीच्या वर एक टोक, खाली दुसरं टोक जोडून रक्ताला वळणरस्ता दिला. शिरेत रक्त उलटं जाऊ नये म्हणून झडपा असतात, त्यामुळे ती उलटी करून बसवायची. पोटातल्या महाधमनीसाठी नंतर डेक्रॉनच्या कापडी नळ्या आल्या. त्यांचा पाया घालणाऱ्या मायकेल डिबेकी यांनी पहिल्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. पण गुडघ्याखाली कापड किंवा प्लास्टिक फारसं टिकत नाही. तिथे रुग्णाची स्वतःची शीरच सर्वांत चांगली, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. गरिबाच्या पायाला लागणारा सर्वांत उत्तम माल त्याच्याच मांडीत असतो. या गोष्टीचं मोल आपल्या आरोग्य-नियोजनात कुणी धरल्याचं मला दिसत नाही.

आता फुग्याने धमनी रुंद करण्याचे, आत जाळी बसवण्याचे उपाय आले आहेत. १९६४ मध्ये पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंवर हा मार्ग पहिल्यांदा वापरला आणि त्यांचा पाय राहिला. चाकूचा मार्ग बरा की फुग्याचा, हा वाद अजून मिटलेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या चाचणीत, चांगली शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांना आधी बायपास केल्याचा फायदा दिसला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधून निघालेल्या बेसिल-२ ने गुडघ्याखालच्या रोगात फुग्याला झुकतं माप दिलं. दोन्ही मार्ग हवेत. पण जिथे दर वेळी नवं साहित्य विकत घ्यायला पैसा नसतो तिथे शीर शिवणारे हात तयार करणं अधिक टिकाऊ गुंतवणूक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र सगळ्या कौशल्याला एक अट आहे. वळणरस्त्याच्या पुढे वाट उघडी हवी. इटियाडोहच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: वरून कितीही पाणी सोडा, शेवटच्या पाटचाऱ्या गाळाने बुजल्या असतील तर पाणी बांधीत पोहोचत नाही, मागे तुंबतं. पायातही तेच. घोट्याजवळच्या आणि पावलातल्या बारीक धमन्या बंद असतील तर उत्कृष्ट शिवलेली शीरही काही दिवसांत रक्त गोठून बंद पडते. शल्यचिकित्सक हतबल होतो तो या ठिकाणी. आणि गोंदियाचा या जागेशी फार जवळचा संबंध आहे.

१८७९ मध्ये फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर यांनी एका वेगळ्याच रोगाचं वर्णन केलं. बर्गर यांनी कापलेले ११ अवयव तपासले होते. म्हातारपणी धमनीत चरबी साचते, तसा हा प्रकार नाही. इथे हातापायांच्या बारीक आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि रोग खालून वर चढतो: आधी पाऊल, मग पोटरी. रुग्ण बहुधा विशीच्या पुढचे, पंचेचाळिशीच्या आतले पुरुष असतात आणि जवळजवळ सगळे तंबाखू घेणारे. भारतातल्या डॉक्टरांना हा रोग भेटतो तो मुख्यतः बिडी ओढणाऱ्यांत. शेवटच्या पाटचाऱ्याच पहिल्यांदा बुजवणारा हा रोग. म्हणूनच त्यात बायपास फार थोड्यांना करता येते. कमरेजवळची अनुकंपी मज्जासाखळी कापून त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल करणं, पोटातला चरबीचा पडदा लांबवून पायात आणून नवा रक्तपुरवठा उभा करण्याचा प्रयत्न करणं, असे मार्ग आपल्याकडच्या शल्यचिकित्सकांनी चिकाटीने वापरले आहेत. त्यांनी वेदना कमी होतात, काही जखमा भरतात. पण धमनी नवी होत नाही.

गोंदियात बिडी म्हणजे नुसतं व्यसन नव्हे. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं खुडायची, पुडके बांधायचे, संकलनाच्या फळीवर द्यायचे, ही इथल्या हजारो घरांची वर्षातली रोख कमाई आहे. घराच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बिडी वळणाऱ्या बायकांच्या कष्टांवर इथली कितीतरी मुलं शिकली. बिडीच्या व्यापारातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी उभारलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेत या भागातल्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या. तेव्हा या धंद्याकडे तुच्छतेने पाहणं हा कृतघ्नपणा ठरेल. तरीही सांगायला हवं की ज्या घरात सूप असतं त्याच घरात ओढणाराही असतो. धंद्याच्या रोजगाराची ढाल त्याच्या पायापुढे धरणं मला मान्य नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, तेंदूपानांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. मजुरांच्या नावाने हे समर्थनीय ठरवलं जातं. पानांवरचा कर कमी व्हावा, त्याला माझा विरोध नाही. पण ओढणाऱ्याला बिडी स्वस्त करून वळणारीची मजुरी आपोआप वाढत नाही. ती वाढवायची तर मजुरी वाढवावी लागते, आणि हळूहळू तिच्या हाताला दुसरं काम द्यावं लागतं.

या रोगाबद्दल एक आकडा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावा असं मला वाटतं. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये जेफ्री ओलिन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तंबाखू पूर्ण सोडलेल्या रुग्णांपैकी शंभरात पाचांच्या आसपास लोकांचा अवयव कापावा लागला. न सोडणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात चाळीसहून जास्त होतं. कुठलीही शस्त्रक्रिया एवढा फरक पाडत नाही. म्हणजे इथे तंबाखू सोडणं हा उपदेश नाही, तोच उपचार आहे. आणि ‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण. विदर्भात बिडी सोडली म्हणणारा पुष्कळदा खर्रा धरतो. तोंडात धरलेल्या तंबाखूनेही हा रोग जागा राहतो. चिठ्ठी लिहिता लिहिता ‘बिडी बंद करा’ एवढं अर्धं वाक्य बोलून हा उपचार होत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, बायकोला समोर बसवावं लागतं, महिन्याने पुन्हा बोलवावं लागतं, सुटून पुन्हा लागली तर न रागावता पुन्हा सुरुवात करावी लागते. हे काम नागपूरचा तज्ज्ञ करू शकत नाही. ते गावातच होऊ शकतं.

तसंच पायाची नाडी पाहणं. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे, अशा दोन ठिकाणी बोटं ठेवून धमनीचे ठोके लागतात की नाही ते पाहायला यंत्र लागत नाही. शंका आली तर हातात मावणाऱ्या डॉप्लरने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करायचा, तो ०.९ च्या खाली आला की पायाला रक्त कमी पडतंय. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक बिडी ओढणाऱ्याची पोटरी भरते का हे विचारून पावलावर बोट ठेवणारी एक नर्स जिल्ह्यात जेवढे पाय वाचवेल तेवढे एक अद्ययावत शस्त्रक्रियागृह वाचवणार नाही. आणि ज्या पायाला रक्त कमी आहे त्याला गरम शेक द्यायचा नाही. बधिर, उपाशी कातडी त्याने भाजते आणि ती जखम मग भरत नाही. एवढं जरी घरोघर पोहोचलं तरी पुष्कळ झालं.

हा झाला वर्षानुवर्षांचा हिशेब. दुसरा हिशेब तासांचा आहे आणि तो जास्त निर्दय आहे. पायाचा रक्तपुरवठा एकदम तुटला तर स्नायूंना साधारण सहा तास मिळतात. त्यानंतर प्रत्येक तासाला पाय वाचण्याची शक्यता घसरते आणि पूर्ण ताठ झालेल्या पायात रक्त सोडलं तर त्यातली विषद्रव्यं हृदय आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतात. देवरी, सडक अर्जुनीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मोटारसायकलवाल्याचा गुडघा निखळतो आणि गुडघ्यामागची धमनी फाटते. मळणी यंत्रात हात जातो. लहानपणच्या सांधेतापाने झडप आकुंचलेल्या एखाद्या बाईच्या हृदयातून रक्ताची गुठळी सुटते आणि मांडीत जाऊन अडकते; पाय अर्ध्या तासात पांढरा, थंड आणि बधिर होतो. मग १०८, मग ग्रामीण रुग्णालय, मग गोंदिया, मग पुन्हा गाडी आणि सव्वाशेहून अधिक किलोमीटरवरचं नागपूर. प्रत्येक थांब्यावर चिठ्ठी लिहिली जाते. त्यात कुणाची हयगय असतेच असं नाही. प्रत्येक जण आपलं काम नीट करतो आणि तरीही सहा तास संपतात.

यावर ‘नागपूरचा रस्ता आणखी रुंद करा’ हे उत्तर अपुरं आहे. खरं उत्तर कोरियाच्या युद्धाने दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ धमनीजखमांचा हिशेब डिबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ मध्ये मांडला. धमनी बांधून टाकणं हीच तेव्हाची रीत होती आणि अर्ध्याच्या आसपास जखमींना अवयव गमवावा लागला. कोरियात हेच प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात सुई नवी आली नव्हती, दोरा नवा आला नव्हता. कारेलची शिवण पन्नास वर्षं जुनी झाली होती. बदललं ते दुरुस्तीचं ठिकाण. फ्रँक स्पेन्सरसारख्या तरुण शल्यचिकित्सकांनी, धमनी बांधा असा नियम असताना, आघाडीजवळच्या तंबूत ती शिवायला घेतली आणि जखमींना हेलिकॉप्टरने त्यांच्यापर्यंत आणलं गेलं. ते कुणी अतिविशेषज्ञ नव्हते. त्या वेळी ही विशेष शाखाच जन्मली नव्हती.

अर्धशतकानंतर इराकमध्ये याच्याही पुढचं पाऊल नेमाने टाकलं गेलं. तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत निर्जंतुक प्लास्टिकची छोटी नळी बसवायची, दोन्हीकडे दोऱ्याने बांधायची आणि रक्त वाहतं ठेवून जखमीला पुढच्या रुग्णालयात पाठवायचं. धमनी नीट शिवण्याचं काम तिथे सावकाश होतं. घड्याळ मात्र थांबलेलं असतं. कोणत्याही सामान्य शल्यचिकित्सकाला हे शिकता येतं. तसंच गुठळी काढणं. थॉमस फोगर्टी यांनी १९६० च्या सुमारास रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बारीक नळीच्या टोकाला बांधून जो फुगा केला, तो जांघेतल्या लहानशा छेदातून आत सरकवायचा, गुठळीच्या पलीकडे फुगवायचा आणि मागे ओढायचा. हे भूल न देता, जागा बधिर करूनही होतं. पोटरीच्या स्नायूंभोवतीचं घट्ट आवरण वेळेवर चीर देऊन मोकळं करणं, आणि रक्तस्राव नसेल तर हेपारिनचं इंजेक्शन पहिल्याच रुग्णालयात देणं, ही आणखी दोन कामं. अशी ही चार कामं जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसरात्र झाली तर देवरीच्या माणसाचे सहा तास गोंदियातच वाचतात. ती होत नसतील तर महामार्गालगतच्या त्या माणसाला आधी गोंदियाला वळवण्यापेक्षा सरळ नागपूरला नेणं बरं. जिल्हा त्याचा कुठला, हे त्याच्या पायाला माहीत नसतं.

जाणकारांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, थोड्या शस्त्रक्रिया करणारे हात चांगले राहत नाहीत. रुग्ण मोठ्या केंद्रात एकवटले तरच निकाल सुधारतात. गुडघ्याखालच्या बायपासबाबत, महाधमनीच्या फुगवट्याबाबत हे तंतोतंत खरं आहे. ती कामं गोंदियात करू नयेत, असंच मीही म्हणेन. पण हा नियम पहिल्या सहा तासांना लावणं म्हणजे प्रसूतीही नागपूरलाच करा म्हणण्यासारखं आहे. ज्ञान एकवटून ठेवण्याचं कौतुक आपण पुष्कळ केलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात पी. के. सेन, किणरे, इंजिनिअर आणि परुळकर यांनी महाधमनीचा मधला भाग आकसण्याच्या विकारावर १९६३ मध्येच ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन मनगटाची नाडीच हरवते, असा तरुण स्त्रियांना गाठणारा रोग त्यांच्या विभागाने बारकाईने अभ्यासला. साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एवढी जाण होती. तरी आज एखाद्या तरुण मुलीच्या दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी पाहण्याची सवय किती दवाखान्यांत आहे? हृदयातली बायपास रूढ करणारे रेने फाव्हालोरो क्लीव्हलँडला जाण्याआधी बारा वर्षं अर्जेंटिनातल्या हासिंतो आराउस या खेड्यात डॉक्टर होते. तिथे त्यांनी शस्त्रक्रियागृह उभं केलं, गावकऱ्यांना रक्तदानासाठी तयार केलं. जिल्ह्यात काम करणं म्हणजे विद्येत मागे राहणं, हा समज त्यांच्या आयुष्याने खोडून काढला आहे.

गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते केटीएस सामान्य रुग्णालयाशी जोडलेलं आहे. इथे शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्याआधी शंभर पावलांवर बोट ठेवलेलं असावं. इथल्या शल्यचिकित्सा विभागातल्या तरुणांना नागपुरात काही महिने धमनीच्या कामाला बसवावं आणि परत आणावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि धमन्यांच्या काही शस्त्रक्रियाही त्यात बसतात. पण योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते; रोवणीच्या हंगामात रुग्णासोबत नागपूरला महिनाभर राहणाऱ्या बायकोची बुडालेली मजुरी देत नाही. त्यापोटी किती जण ‘कापून टाका, पण लवकर घरी सोडा’ म्हणत असतील, याचा विचार करायला हवा.

पाय गेला तर जयपूर फूट आहे, असंही कुणी म्हणेल. तो पाय भारताने जगाला दिलेली मोठी देणगी आहे. तो घालून उकिडवं बसता येतं, चिखलात चालता येतं. पण त्यासाठी स्वतःचा गुडघा असला तर फार फरक पडतो. म्हणून रक्तपुरवठा थोडासा जरी सुधारला आणि मांडीतून कापायचा पाय पोटरीतून किंवा नुसत्या बोटांवर निभावला, तरी ती शस्त्रक्रिया यशस्वीच. गुडघाभर बांधीत वाकून रोवणी करणारा माणूस आणि घरात बसून राहणारा माणूस यांच्यातलं अंतर पुष्कळदा त्या एका सांध्याएवढं असतं.

माझी शेवटची सूचना साधी आहे. प्रत्येक मातामृत्यूची जिल्ह्यात चौकशी होते: कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी मिळाली, कुठे किती वेळ गेला. कुणाला शिक्षा करण्यासाठी ती चौकशी नसते. पुढची बाई वाचावी म्हणून असते. तशीच चौकशी घोट्याच्या वर कापल्या गेलेल्या प्रत्येक पायाची व्हावी. दुखणं कधी सुरू झालं? पावलाची नाडी पहिल्यांदा कुणी पाहिली, की कुणीच पाहिली नाही? बिडी, खर्रा किती वर्षं, आणि तो सोडवायला कुणी किती वेळा बसलं? हेपारिन कुठे दिलं? पहिल्या दवाखान्यापासून शेवटच्यापर्यंत किती तास? कापण्याआधी धमन्यांचा फोटो काढला होता का? वर्षभराच्या अशा कागदांवरून जिल्ह्याला कळेल की आपले पाय बिडीने जातात, मधुमेहाने जातात की रस्त्यात जातात, आणि पुढच्या वर्षीचा पैसा कुठे घालायचा. मातामृत्यूंसाठी जिल्ह्यात समिती आहेच. हे कागद तिच्याच बैठकीत ठेवायला नवी इमारत किंवा नवं पद लागणार नाही.